विषय: कोकण संग्रह – फोटोंवर उद्गारचिन्ह, काही फोटो सुधारताच येत नाहीत

प्रेषक: स्कॅनिंग गट, दापोली

नमस्कार मंडळी,

स्मरणिकेच्या संग्रहाची हार्ड डिस्क इथल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. विंडोज 11, लाइटरूम क्लासिक (फोटो लावायचं आणि सुधारायचं ॲडोबीचं सॉफ्टवेअर). त्यातला कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नोंदवही, उघडतो, छोटी चित्रं सगळी दिसतात. पण वेळासच्या कासवांच्या आणि शिमग्याच्या फोटोंवर उद्गारचिन्ह आहे आणि डावीकडे फोल्डरांवर प्रश्नचिन्ह. डेव्हलपमध्ये (सुधारणांच्या विभागात) गेलं की फाइल सापडत नाही म्हणतो. हर्णै बंदराच्या काही फोटोंवर चिन्ह नाही, तरी ते सुधारता येत नाहीत. सगळं कॅटलॉगमधून काढून पुन्हा इम्पोर्ट करू का?

---

प्रेषक: तांत्रिक समिती

ताई, इम्पोर्टला हात लावू नका! फोटो बहुतेक जागेवरच आहेत. कॅटलॉगमध्ये मूळ फोटो नसतातच. त्यात असतो प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता, तुम्ही केलेल्या सुधारणा आणि कीवर्ड. छोटी चित्रं वेगळ्या साठ्यातून येतात, म्हणून मूळ फाइल नसली तरी ती दिसतात. काढून पुन्हा आणलं तर कलेक्शन (फोटोंचे गट), व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलची दुसरी सुधारलेली आवृत्ती) आणि हिस्टरी (बदलांची यादी) गेली. एक्सएमपीत, म्हणजे फोटोसोबतच्या माहितीत, जतन केलं असेल तरी त्यात सुधारणा, कीवर्ड वगैरे राहतात, या तीन गोष्टी नाहीत.

आधी ड्राइव्हचं अक्षर बघा. पहिल्या कॉम्प्युटरवर डिस्क 'ई' असेल आणि इथे 'एफ' झाली असेल, तर प्रत्येक फोटोचा पत्ता चुकला. लाइटरूम बंद करा. स्टार्टवर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, त्या डिस्कच्या पट्टीवर उजवी क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आणि जुनं अक्षर द्या. ते अक्षर पेनड्राइव्हने अडवलं असेल तर आधी पेनड्राइव्ह काढा. नवा संग्रह सुरू करताना मात्र 'एम'च्या पुढचं अक्षर ठरवून टाकावं. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर सुरुवातीची अक्षरं पटकावतात, त्यामुळे हा घोळ पुन्हापुन्हा होतो.

अक्षर बरोबर असूनही प्रश्नचिन्ह राहिलं तर सगळ्यात वरच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा आणि खरी जागा दाखवा. वरचा जुळला की आतले आपोआप जुळतात, खालून सुरुवात केलीत तर दिवस जाईल. वरचा फोल्डर यादीतच नसेल तर 'शो पेरेंट फोल्डर' वापरा. एखादाच फोटो हरवला असेल तर उद्गारचिन्हावर क्लिक, 'लोकेट', आणि 'फाइंड नियरबाय मिसिंग फोटोज'वर खूण ठेवा. फाइलचं नाव कुणी बाहेरून बदललं असेल तर शेजारचे फोटो असे जुळणार नाहीत, आधी नाव पूर्ववत करा.

'सिंक्रोनाइझ फोल्डर' मात्र टाळा. त्यात 'रिमूव्ह मिसिंग फोटोज फ्रॉम कॅटलॉग' अशी एक ओळ असते. खूण राहून गेली आणि बटण दाबलं, तर सापडू शकणारे फोटोही कॅटलॉगमधून जातात. वरचं काहीही करण्याआधी कॅटलॉगच्या फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा.

---

प्रेषक: स्कॅनिंग गट, दापोली

अक्षरच बदललं होतं. वेळास, आंजर्ले, मुरूड सगळे आले. पण 'किनाऱ्यावरचा शिमगा' हा फोल्डर अडलाय. एक्सप्लोररमध्ये त्याच नावाचा फोल्डर समोर दिसतो आणि लाइटरूम म्हणतो, नाही.

---

प्रेषक: संकेतस्थळ समिती

हे देवनागरीचं दुखणं आहे. 'किनाऱ्या'तला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब). काही कीबोर्ड तिसरीच वाट धरतात: र, हलंत आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखे, पण एनटीएफएसला, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीला, ती तीन वेगळी नावं. एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी दिसले तर कारण हेच समजा. जुन्या मॅकच्या डिस्कवर, म्हणजे एचएफएस प्लसवर, ऱ आपोआप र आणि नुक्ता असा फुटतो. तिथून कॉपी होऊन आलेला फोल्डर म्हणूनच जुळत नसेल.

'फाइंड मिसिंग फोल्डर'ने तोच फोल्डर दाखवा, जुळेल. मग लाइटरूमच्या आतूनच त्याचं नाव बदला, एक्सप्लोररमधून नको. फोल्डर आणि फाइलच्या नावांत रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवावं. गावाचं नाव, पालखी, खुणा सगळं मराठीतच, पण कॅप्शन आणि कीवर्डमध्ये. तिथे ऱ कसाही साठला तरी फाइल हरवत नाही.

---

प्रेषक: तांत्रिक समिती

हर्णैच्या फोटोंचं कारण वेगळं आहे. फाइल सापडतेय, ती वाचता येत नाहीये. तिच्या नावाचं शेपूट बघा. एमओव्ही किंवा एमपी4 असेल तर तो व्हिडिओ, डेव्हलपमध्ये चालणारच नाही. आयफोनच्या एचईआयसीसाठी विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले एचईआयएफ आणि एचईव्हीसी हे दोन्ही जोड लागतात. नव्या कॅमेऱ्याचा रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जुना लाइटरूम असेल तर ती डीएनजी प्रकारात बदलणारा ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. आणि फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल, फाइलजवळ ढगाची खूण असेल, तर फाइल कॉम्प्युटरवर उतरलेलीच नाही. उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा.

स्कॅन केलेला टिफ असेल तर आकार तपासा. 4 बाय 6 इंचांचा फोटो 600 डीपीआयला, 24 बिट रंगात, न दाबता साधारण 26 एमबी भरतो. 48 बिटला दुप्पट. एलझेडडब्ल्यू या पद्धतीने दाबलेला असेल तर कमी, पण त्याच गठ्ठ्यातला एखादाच 3 एमबीचा निघाला तर कॉपी अर्धवट तुटलीय. पावसाळ्यात वीज जाते आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर हे होणारच. तो फोटो लाइटरूममध्ये दुरुस्त होत नाही, मूळ डिस्कवरून त्याच नावाने त्याच जागी पुन्हा कॉपी करा. नाव आणि जागा तीच असली की कॅटलॉगमधल्या सुधारणा तशाच लागू होतात. 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय केबल ओढू नये, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आणखी एक: एखाददुसरा नव्हे, सगळेच फोटो सुधारता येत नसतील आणि डेव्हलपच बंद असेल, तर लाइटरूमची वर्गणी संपलीय. डेव्हलप, मॅप आणि मोबाइलशी जोडणी बंद होते, बाकी बहुतेक चालू राहतं.

---

प्रेषक: स्मरणिका संपादन

आमच्याकडे मॅक आहे. डिस्क इकडे पाठवू नका. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही, म्हणजे फाइलचं नाव बदलणं आणि एक्सएमपी जतन करणं दोन्ही अडणार. त्याऐवजी निवडलेल्या फोटोंचा 'एक्सपोर्ट अ‍ॅज कॅटलॉग' करा. 'एक्सपोर्ट निगेटिव्ह फाइल्स'वरची (मूळ फाइलींवरची) खूण काढा, स्मार्ट प्रिव्ह्यूवर (मूळ फोटोच्या छोट्या, सुधारता येणाऱ्या प्रतीवर) ठेवा. स्मार्ट प्रिव्ह्यूची लांब बाजू 2560 पिक्सेलची असते. मूळ फाइल नसताना त्यावर रंग आणि उजेड नीट करता येतो. 300 डीपीआयला ती साडेआठ इंच भरते, म्हणजे ए4च्या रुंदीला पुरते, दुपानी चित्राला नाही. म्हणून छपाईसाठीचा एक्सपोर्ट दापोलीतून मूळ टिफवरूनच होईल.

आमचा कॅटलॉग परत आला की 'इम्पोर्ट फ्रॉम अनदर कॅटलॉग' करा, आणि आधीपासून असलेल्या फोटोंसाठी 'मेटाडेटा अँड डेव्हलप सेटिंग्ज ओन्ली' निवडा. 'प्रिझर्व्ह ओल्ड सेटिंग्ज अ‍ॅज अ व्हर्च्युअल कॉपी'वर खूण असू द्या, म्हणजे तुमची आधीची सुधारणाही बाजूला शाबूत राहील. त्या वेळी लाइटरूम एकाच कॉम्प्युटरवर उघडा ठेवा, आणि कॅटलॉग नेटवर्क ड्राइव्हवर टाकू नका, तिथून तो उघडत नाही.