सुफ्यान स्टीव्हन्सचे सर्वोत्तम काम कोणते आणि सर्वांत कमकुवत कोणते?

मंद्रसप्तक:

सुफ्यान स्टीव्हन्स हा गेल्या पंचवीस वर्षांतला माझा सर्वांत आवडता अमेरिकन गीतकार आहे, आणि आवडत्या कलाकाराबद्दल बोलताना हातचे राखून बोलू नये असे मला वाटते. १९७५ साली डेट्रॉइटमध्ये जन्मलेला आणि मिशिगन राज्यात वाढलेला हा माणूस बॅन्जो, ओबो, पियानो, गिटार अशी कितीतरी वाद्ये स्वतः वाजवतो, गाणी स्वतः लिहितो, आणि सावत्र वडील लोवेल ब्रॅम्स यांच्या साथीने उभारलेल्या 'अस्थमॅटिक किटी' या छोट्या कंपनीतून अल्बम काढतो. त्यामुळे 'आता पुरे' असे सांगणारे त्याच्याभोवती फारसे कोणी नसते. त्याचे सर्वोत्तम आणि सर्वांत कमकुवत काम यांतला फरक मला नेमका येथेच दिसतो: त्याने स्वतःला आवरले की तो अजोड असतो, आवरले नाही की ऐकणाऱ्याची दमछाक होते.

सर्वोत्तम म्हणून मी निःसंकोचपणे 'कॅरी अँड लोवेल' (२०१५) या अल्बमचे नाव घेईन. कॅरी ही त्याची आई. तो जेमतेम वर्षाचा असताना ती घर सोडून गेली. मानसिक आजार आणि व्यसन यांनी तिचे आयुष्य पोखरले होते. ब्रॅम्स यांच्याशी तिचे लग्न टिकले त्या काळात मुलांना ओरेगनमधल्या यूजीन गावी तिच्याबरोबर काही उन्हाळे मिळाले, आणि डिसेंबर २०१२ मध्ये पोटाच्या कर्करोगाने ती गेली. एवढ्या मोठ्या दुःखासाठी त्याने अकरा गाणी आणि पाऊण तासाहूनही कमी वेळ घेतला. ड्रम्स जवळजवळ नाहीतच. गिटारच्या तारांवर बोटांनी वाजवलेली नाजूक नक्षी आणि एकावर एक रचलेला त्याचा स्वतःचा कुजबुजता आवाज, एवढ्यावर सगळे उभे आहे.

याउलट 'द असेन्शन' (२०२०) मध्ये पंधरा गाणी आहेत, ती सुमारे ऐंशी मिनिटे चालतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गाण्यांत एखादी ओळ इतक्या वेळा फिरून येते की शेवटी तिच्यातला अर्थ झिजून जातो. 'अमेरिका' हे शेवटचे गाणे बारा मिनिटांहून मोठे आहे. ते सहा मिनिटांत संपले असते, तर त्यातला देशाविषयीचा भ्रमनिरास अधिक बोचला असता. आपली मते वाचायला आवडतील.

शिकागोकर:

मंद्रसप्तक, आपल्या निवडीबद्दल मला आदर आहे, पण 'स्वतःला आवरणे' ही आपली कसोटी मला मान्य नाही. त्या कसोटीवर 'इलिनॉय' (२००५) आपोआप बाद होतो, आणि ज्या कसोटीवर 'इलिनॉय' बाद होतो ती कसोटीच तपासून पाहायला हवी. बावीस तुकडे, सव्वा तासाच्या आसपास लांबी, तारवाद्ये, कर्णे, समूहगायन, ओळ-ओळभर लांब शीर्षके. हा अल्बम अघळपघळ आहे यात वाद नाही. परंतु एका अख्ख्या राज्याचा इतिहास, तिथली भुते, कारखाने, संत आणि खुनी एका जागी आणायचे, तर ते आटोपशीर कसे होणार?

मी अनेक वर्षे याच राज्यात राहतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. शीर्षकगीताचा पहिला भाग १८९३ च्या शिकागोतल्या विश्वप्रदर्शनाविषयी आहे. (विवेकानंद ज्या धर्मपरिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) तो भाग पाच मात्रांच्या ठेक्यावर धावतो, जणू विजेच्या दिव्यांनी झगमगलेल्या त्या शहराला श्वास घ्यायलाही उसंत नाही. मग ठेका चार मात्रांवर येतो आणि कवी कार्ल सँडबर्ग स्वप्नात येऊन गीतकाराला विचारतो की, तू मनापासून लिहितोस का? त्या सगळ्या गजबजाटाची उलटतपासणी गाण्याच्या आतच होते. आपण ज्याला आवर म्हणता, तो इथे रचनेतच आहे.

आणि 'कॅसिमिर पुलास्की डे'? पुलास्की हा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला पोलिश घोडदळ अधिकारी. त्याच्या नावाने इलिनॉयमध्ये मार्चचा पहिला सोमवार पाळला जातो. गाणे मात्र हाडांच्या कर्करोगाने गेलेल्या एका मुलीचे आहे, जी नेमकी त्याच दिवशी जाते. मंगळवारी रात्री बायबलच्या अभ्यासवर्गात सगळे हात उंचावून तिच्यासाठी प्रार्थना करतात, आणि काहीही घडत नाही. ही ओळ तो जराही आवाज न चढवता, बॅन्जोच्या साध्या सुरावटीवर, हवामानाची बातमी द्यावी इतक्या सरळपणे म्हणतो. शेवटी देव घेतो, घेतो आणि घेतच राहतो असे म्हणून शब्द संपतात आणि कर्णा व शब्दहीन आवाज उरतात. श्रद्धाळू माणसाने देवावर केलेला इतका शांत आरोप मी दुसऱ्या कुठल्याही गाण्यात ऐकलेला नाही. 'कॅरी अँड लोवेल'मधल्या सगळ्या गाण्यांचे बीज या एका गाण्यात आहे, आणि ते दहा वर्षे आधीचे आहे.

सर्वांत कमकुवत म्हणाल, तर 'एन्जॉय युअर रॅबिट' (२००१). चिनी राशिचक्रावर बेतलेली ती इलेक्ट्रॉनिक वादनाची मालिका म्हणजे शिकाऊ काळातली खटपट आहे. तिच्यावर अधिक बोलण्यासारखे नाही.

अनाहत:

दोघांचेही म्हणणे वाचले. माझा आक्षेप असा की, आपण दोघेही त्याच्या कुजबुजीलाच अंतिम पुरावा मानता. शिकागोकर 'इलिनॉय'ची बाजू घेतात, पण दाखला देतात तो त्या अल्बममधल्या सर्वांत हळुवार गाण्यांपैकी एकाचा! मी 'द एज ऑफ ऑड्झ' (२०१०) या अल्बमला पहिले स्थान देतो, आणि ते पूर्ण जबाबदारीने देतो.

त्या काळात तो मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या एका गूढ आजारातून गेला होता, आणि लुइझियानातले रॉयल रॉबर्टसन या स्वतःला प्रेषित मानणाऱ्या, स्किझोफ्रेनिया असलेल्या चित्रकाराची भडक, भविष्यवाणीने भरलेली चित्रे त्याच्यासमोर होती. आधीच्या अल्बममध्ये तो राज्यांच्या इतिहासामागे, बायबलमधल्या कथांमागे, इतरांच्या आयुष्यांमागे उभा राहून बोलत असे. इथे त्याने तो आडोसा टाकून दिला. पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम काढण्याची जी घोषणा त्याने केली होती, ती प्रसिद्धीची युक्ती होती हे त्याने स्वतःच नंतर मान्य केले. तेव्हा त्या चौकटीबाहेर पडणे हे प्रामाणिक पाऊल होते.

'इम्पॉसिबल सोल' हे पंचवीस मिनिटांहून मोठे गाणे घ्या. त्यात शारा वॉर्डनचा आवाज येतो, यंत्राने मुद्दाम विकृत केलेला त्याचा स्वतःचा आवाज येतो, मग जत्रेत घोषणा द्याव्यात तसे समूहगायन येते, आणि हा सगळा कल्लोळ ओसरल्यावर एकटी गिटार उरते. त्या गिटारवर तो म्हणतो की, आपण दोघांनी मिळून केवढा पसारा करून ठेवला. आधीची वीस-एक मिनिटे ऐकल्याशिवाय ही शेवटची तीन मिनिटे कळत नाहीत. कोणी मला सांगावे की, यातून नेमके काय कापायचे?

'कॅरी अँड लोवेल'बद्दल बोलायचे, तर तो अल्बम सुंदर आहे, पण एकसुरी आहे. अकरा गाण्यांत तीच पट्टी, तीच बोटांची चाल, तोच दबका आवाज. दुसऱ्या कोणाच्या नावावर हेच संगीत आले असते आणि त्यामागची आईची कहाणी आपल्याला ठाऊक नसती, तर आपण त्याला इतके डोक्यावर घेतले असते का?

मंद्रसप्तक:

अनाहत, प्रश्न रास्त आहे, म्हणून एकच गाणे घेऊन उत्तर देतो. 'फोर्थ ऑफ जुलै' हा मृत्युशय्येवरची आई आणि मुलगा यांच्यातला संवाद आहे. दोघेही एकमेकांना लाडाच्या नावांनी हाक मारतात, काजवा, ससाणा, चतुर अशा. आणि ऐकताना कित्येकदा क्षणभर कळत नाही की आत्ता बोलते आहे ती आई की मुलगा. कहाणी बाजूला ठेवली तरी ही लेखनाची करामत उरतेच. जे नाते प्रत्यक्षात कधी धड जुळले नाही, त्यातल्या दोन माणसांचे आवाज गाण्यात एकमेकांत विरघळतात. आई विचारते की, तुला पुरेसे प्रेम मिळाले का. या प्रश्नातली अपराधी भावना आणि त्यातली उशिरा आलेली माया यांसाठी मोठा वाद्यमेळ लागला असता असे मला वाटत नाही. शेवटी आपण सगळेच मरणार आहोत हे वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणतो. होय, तिथेही पुनरावृत्ती आहे, पण ती पाच मिनिटांच्या आत, जिथे हवी तिथे थांबते.

एकसुरीपणाबद्दल: शोक एकसुरीच असतो. वेगवेगळ्या रंगांच्या गाण्यांनी तो सजवला असता, तर मला ते खोटे वाटले असते.

सांजवारा:

'शोक एकसुरीच असतो' हे विधान मला पटत नाही, आणि स्वतः स्टीव्हन्सलाही ते पटलेले दिसत नाही. २०१५ च्या दौऱ्यात त्याने हीच गाणी वाजवली तेव्हा 'फोर्थ ऑफ जुलै' हळूहळू पूर्ण वाद्यवृंदाच्या गर्जनेपर्यंत पोचत असे, आणि 'ब्लू बकेट ऑफ गोल्ड'च्या अखेरीस दिवे आणि आवाज यांचा लोंढा कितीतरी मिनिटे वाहत असे. ते ध्वनिमुद्रण 'कॅरी अँड लोवेल लाइव्ह' या नावाने २०१७ मध्ये आले आहे; मूळ अल्बमच्या चाहत्यांनी ते शेवटपर्यंत जरूर ऐकावे. त्या दुःखाला कुजबुज पुरली नव्हती हे तिथे स्पष्ट ऐकू येते.

दुसरे असे की, २०२५ मध्ये या अल्बमला दहा वर्षे झाली तेव्हा त्याने मुलाखतीत त्याबद्दल संकोच व्यक्त केला, आणि अर्थहीन गोष्टीतून अर्थ काढू पाहणारे अपयश म्हणून आपण त्याकडे पाहतो असे सांगितले. कलाकाराचे मत शेवटचे नसते हे मला मान्य आहे. तरीही आईच्या मृत्यूचे साहित्य करण्याचा हक्क आपल्याला होता का, ही टोचणी त्याच्या मनात असेल, तर आपण श्रोत्यांनी 'सर्वांत दुःखद म्हणून सर्वोत्तम' असा सरळ हिशेब मांडू नये.

'द असेन्शन'वर मात्र अन्याय होतो आहे. त्या काळात त्याला न्यूयॉर्कमधली कामाची जागा सोडावी लागली होती आणि त्याची बहुतेक वाद्ये गोदामात पडून होती. हाताशी होते ते संगणक, सिंथेसायझर आणि ठेक्याचे यंत्र. त्या अल्बमचा कोरडा, धातूचा पोत या परिस्थितीतून आला आहे, आणि २०२० साली ज्यांनी तो घरात कोंडलेल्या अवस्थेत ऐकला त्यांना तो परका वाटला नाही. शीर्षकगीत तर मी त्याच्या पहिल्या पाच गाण्यांत धरतो. आपण श्रद्धावंतासारखे वागत होतो, पण मुळात केवळ संतापलेले आणि खचलेले होतो, अशी कबुली तिथे येते. 'कॅसिमिर पुलास्की डे'मध्ये देवावर आरोप करणारा मुलगा पंधरा वर्षांनी स्वतःलाच जाब विचारतो आहे. आधीची तेरा गाणी लांबली आहेत हे मी मान्य करतो, पण ते एक गाणे असताना अख्ख्या अल्बमला सर्वांत कमकुवत म्हणणे मला जमणार नाही.

शिकागोकर:

सांजवारा, शीर्षकगीताबद्दल पूर्ण सहमत. पण मग सर्वांत कमकुवत काय, हे आपण सांगितले नाही. 'द असेन्शन' आल्यानंतर दोनच दिवसांनी त्याचे जन्मदाते वडील वारले आणि त्या शोकातून 'कॉन्व्होकेशन्स' (२०२१) हे पाच भागांचे, एकोणपन्नास तुकड्यांचे, अडीच तासांचे शब्दविरहित संगीत जन्मले. मंद्रसप्तक यांची कसोटी लावायचीच असेल, तर ती तिथे लावावी. त्यातला 'मेडिटेशन्स' हा पहिला भाग मी पुन्हा ऐकतो. बाकीचे वेगळे काढून लक्षात ठेवणे मला तरी शक्य झालेले नाही.

अनाहत:

'कॉन्व्होकेशन्स'ला या यादीत ओढू नये. ज्याला ते अडीच तास लागले त्याने ते स्वतःसाठी केले आणि आपल्यासाठी दार उघडे ठेवले. गाण्यांशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

वाद मिटवायचाच असेल, तर 'जॅव्हलिन' (२०२३) समोर ठेवा. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत. म्हणजे मंद्रसप्तक यांची अट पूर्ण झाली. जवळजवळ सगळी वाद्ये त्याने स्वतः घरी वाजवली आहेत, आणि बहुतेक प्रत्येक गाणे एकट्या आवाजात, गिटार किंवा पियानोवर सुरू होऊन स्त्रियांच्या समूहस्वरांत आणि 'ऑड्झ'च्या काळातल्या कल्लोळात जाऊन मिळते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निवर्तलेल्या आपल्या जोडीदाराला त्याने तो अर्पण केला आहे, आणि तो प्रसिद्ध झाला तेव्हा स्वतः गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजारातून पुन्हा चालायला शिकत होता. 'शिट टॉक' या गाण्यात भांडण नको, यापुढे भांडायचे नाही अशी विनवणी साडेआठ मिनिटे चालते. ब्राइस डेसनरच्या गिटारवर ती पसरत जाते आणि अखेरची काही मिनिटे शब्द जवळजवळ विरून जातात. मंद्रसप्तक, हे गाणे पाच मिनिटांत संपवून दाखवा आणि मग त्यातले काय शिल्लक राहिले ते येथे लिहा.

मंद्रसप्तक:

ते संपवणार नाही. 'शिट टॉक'ची लांबी मला मान्य आहे, कारण तिथे प्रत्येक फेरीत विनवणारा माणूस आधीपेक्षा थोडा थकलेला ऐकू येतो. 'अमेरिका'मध्ये मला तो थकवा ऐकू येत नाही, फक्त मिनिटे वाढलेली ऐकू येतात. 'जॅव्हलिन'ला मी दुसरे स्थान देतो. पहिले अजूनही 'कॅरी अँड लोवेल'चेच, आणि सांजवारा यांनी सुचवलेले २०१७ चे ध्वनिमुद्रण मी त्याच्या शेजारी ठेवायला तयार आहे, वर नाही.