बॅकअप, रिस्टोअर आणि लॉगिनची तपासणी एकाच माणसाकडे असावी का?

रात्रपाळी_ऐरोली (धागालेखक)

मेनफ्रेमवर, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर, काम करणाऱ्यांसाठी हा धागा. माझं म्हणणं असं: रोजचा बॅकअप जो घेतो त्याने रिस्टोअरची (बॅकअपवरून डेटा परत आणण्याची) चाचणी घेऊ नये, आणि या दोघांच्या लॉगिनच्या नोंदी जो वाचतो तो त्यांच्याच साहेबाच्या हाताखाली नसावा. आधी फोर्टात आणि नंतर ऐरोली-महापे पट्ट्यात मी ज्या संगणक खोल्या पाहिल्या, तिथे ही तिन्ही कामं एखाद्या जुन्याजाणत्या सिसप्रोगकडेच (सिस्टिम प्रोग्रॅमरकडेच) असायची. माणूस भला, कामाला वाघ, सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास. पण त्याचं काम नीट झालं की नाही हे सांगणाराही तोच एकटा.

बॅकअपचंच घ्या. रात्री डीएसएसचा, म्हणजे आयबीएमच्या बॅकअप प्रोग्रॅमचा, लॉजिकल डम्प चालतो, फाइल-फाइल करून प्रत निघते. कंट्रोल कार्डात (प्रोग्रॅमला दिलेल्या सूचनांत) कोणीतरी कधीकाळी टॉल(ईएनक्यूएफ) टाकून ठेवलेलं असतं. म्हणजे एखादा डेटासेट (फाइल) दुसऱ्या जॉबने धरून ठेवला असला तरी अडू नकोस, आहे तसा उचल. डीएसएस तो उचलतो, सिसप्रिंटमध्ये (जॉबच्या अहवालात) इशारा छापतो आणि रिटर्न कोड ४ (‘इशाऱ्यासह पूर्ण’) देऊन मोकळा होतो. जॉब वेळेवर सोडणाऱ्या शेड्युलरला ४ चालतो असं आपणच सांगितलेलं असतं. सकाळी हँडओव्हरच्या रजिस्टरात ‘बॅकअप ओके’ अशी नोंद पडते. टेपवरची फाइल मात्र अर्धी बॅचच्या (रात्रीच्या एकगठ्ठा जॉबच्या) आधीची, अर्धी नंतरची असू शकते. हे रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही. आणि ज्याने कार्ड लिहिलं तोच चाचणी घेतो तेव्हा सवयीने तेच चार डेटासेट आणून बघतो, जे दरवेळी नीट येतात. दुसऱ्याच्या हाती द्या, तो रनबुक (पायरीवार सूचनांची वही) उघडेल, तिसऱ्याच पायरीला अडेल, आणि रनबुकात काय लिहायचं राहिलंय ते तेव्हा कळेल.

‘आमच्याकडे मेट्रो मिरर आहे’, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या डिस्कवर त्याच क्षणी प्रत होते, हे उत्तर मला बऱ्याचदा मिळतं. डिस्क गेली तर मिरर तारतो. चुकीच्या जॉबने मास्टर फाइल पुसली तर ती पलीकडेही त्याच क्षणी पुसली जाते. तिथे जीडीजीची मागची पिढी (फाइलची जपलेली आधीची आवृत्ती) आणि टेपच कामाला येतात.

लॉगिनच्या बाबतीत आयबीएमने सोय करूनच दिली आहे. मेनफ्रेमवर कोणाला काय करता येईल ते ठरवणारं रॅकएफ १९७६ सालचं. त्यात हक्क वाटणारा ‘स्पेशल’ वेगळा आणि कशाची नोंद ठेवायची ते ठरवणारा ‘ऑडिटर’ वेगळा. स्पेशलवाल्याने दिलेल्या कमांडची नोंद बंद करणं नुसत्या स्पेशलच्या जोरावर जमत नाही. तो स्वतःलाच ऑडिटरचा हक्क देऊ शकतो, हे खरं. पण तसं केल्याचीही नोंद पडते. ती नोंद वाचणारा तोच असेल तर मात्र सगळी रचना वाया गेली.

आता माणसं. रिझर्व्ह बँकेने ९ जुलै २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं की संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला दरवर्षी किमान १० कामाचे दिवस, सलग, आधी कल्पना न देता रजेवर पाठवावं. त्या काळात कार्यालयीन ईमेल सोडून कामाच्या कोणत्याही साधनाला त्याचा हात लागू नये. कोणत्या जागा संवेदनशील ते बँकेने आपल्या धोरणात ठरवायचं. सिसप्रोग त्या यादीत हवाच, असं मला मनापासून वाटतं. तो दहा दिवस नसताना खोली चालत नसेल, तर ते आपत्ती यायच्या आधी कळलेलं बरं.

डोंबिवलीकर

पूर्ण असहमत, आणि मी तोच ‘जुनाजाणता सिसप्रोग’ आहे.

रात्रीचे पावणेतीन वाजलेत, महिनाअखेर आहे, व्याजाचा जॉब एस९१३ ने पडलाय. म्हणजे रॅकएफने हात धरला. दुपारी कोणीतरी हक्कांचं प्रोफाइल बदललं आणि बॅचच्या आयडीचा त्या फाइलवरचा अपडेटचा (लिहिण्याचा) हक्क गेला. तुमच्या व्यवस्थेत माझ्याकडे फक्त स्टोरेज. स्पेशल ज्याच्याकडे तो विरारला गाढ झोपेत. शेवटची लोकल गेलेली, पहिलीला अजून वेळ आहे. तो उठला, व्हीपीएन लागलं, तर ठीक. नाहीतर शाखा उघडतील तेव्हा ग्राहकाला कालचीच शिल्लक दिसेल, आणि शिव्या मी खाणार.

दुसरं, तीन माणसं आणायची कुठून? जेसीएल (मेनफ्रेमच्या जॉबची भाषा) शिकायला मुलं तयार होत नाहीत. जी होतात ती हाताशी आली की दुसरीकडे जातात. आहेत त्या लोकांची कामं आणखी चिरलीत तर प्रत्येकाला यंत्राचा एक तुकडा कळेल आणि अख्खं यंत्र कोणालाच कळणार नाही. काम तिघांचं झालं की जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि बाहेरचा माणूस लॉग वाचणार म्हणजे काय वाचणार? सोमवारी सकाळी कन्सोलवर आयसीएच४०८आय ची (रॅकएफने नकार दिल्याच्या मेसेजची) रांग लागते. शनिवार-रविवारनंतर पासवर्ड विसरलेले, कॅप्स लॉक दाबून बसलेले, रजेवरून आलेले. हा साहेब प्रत्येक ओळीचं स्पष्टीकरण मागणारं एक्सेल पाठवतो. मात्र बॅचचा आयडी रात्री साडेतीनला टीएसओवर (माणसांनी बसून काम करायच्या स्क्रीनवर) लॉगऑन करायला बघतोय, ही खरी भीतीची ओळ त्या एक्सेलमध्ये कुठेतरी चारशेव्या क्रमांकावर असते आणि तिच्यापुढे त्याने काहीच विचारलेलं नसतं. ती मला एका नजरेत दिसते, कारण बॅचचा आयडी टीएसओला कधीच येत नाही हे मला माहीत आहे.

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस. दुपारची पाळी घरी जाऊ शकली नाही, रात्रीची येऊ शकली नाही. खोलीत होतो त्यांनीच दिवसअखेर उरकली, टेप बदलल्या, जनरेटरच्या डिझेलवर लक्ष ठेवलं. प्रत्येकाकडे सगळे हक्क होते म्हणून निभावलं.

रात्रपाळी_ऐरोली

डोंबिवलीकर, पावणेतीनच्या पेचावर उपाय जुनाच आहे, फायरकॉल आयडी (फक्त आणीबाणीत वापरायचा). पासवर्ड सीलबंद पाकिटात, ड्युटी मॅनेजरकडे. पाकीट फोडा, जॉब सोडवा, रजिस्टरात वेळ आणि कारण लिहा, सकाळी पासवर्ड बदला. त्या आयडीने काय केलं ते सगळं एसएमएफमध्ये (यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदींमध्ये) पडेल. मी हक्क काढून घ्या म्हणत नाही, रोजच्या खिशातून काढा म्हणतो.

२००५ च्या रात्री तुम्ही आत होतात म्हणून काम झालं. तुम्हीच कुर्ल्याला रुळांवर अडकला असतात तर रिस्टोअर कोणाला जमलं असतं? तुमच्या खोलीत त्या रात्री दुसरं कोणी ते आधी केलेलं होतं का?

टेपरूम

मी ऑपरेटर आहे, ठेकेदाराकडून आलेला. तुम्ही दोघेही वरच्या मजल्यावरून बोलताय.

आमच्या तिन्ही पाळ्या कन्सोलवर एकाच आयडीने बसतात. पहिल्या पाळीवाल्याने सकाळी लॉगऑन केलं की आयडी तसाच पुढे चालतो. हँडओव्हरला कोणी लॉगऑफ करत नाही, कारण मधे एखादा मेसेज उत्तरासाठी थांबलेला असतो आणि बॅच अडायला नको असते. पासवर्ड कीबोर्डखाली कागदावर. टेप माउंट, रिप्लाय, कॅन्सल, सगळं त्या एका नावावर. त्याचा लॉग आतल्याने वाचा की बाहेरच्याने, कागदावर येणार एकच नाव. मधे एक चालू जॉब चुकून कॅन्सल झाला, तेव्हा तिन्ही पाळ्यांना एकत्र उभं करून विचारलं. ज्याचा काही संबंध नव्हता त्यालाही मान खाली घालून उभं राहावं लागलं.

कॉन्सोलएक्सएक्स या कन्सोलच्या सेटिंगच्या मेंबरमध्ये लॉगऑन(रिक्वायर्ड) टाकून प्रत्येकाला स्वतःचा आयडी देता येतो. आधी ते करा. वाचायचं कोणी, ते मग ठरवा.

तपासनीस_परळ

टेपरूम यांच्याशी शंभर टक्के सहमत. एका आयडीवर तीन माणसं असतील तर तपासणीला अर्थच राहत नाही, आणि त्यात सगळ्यात जास्त अन्याय ऑपरेटरवर होतो. स्वतःच्या नावाचा आयडी हे त्याचं संरक्षण आहे.

डोंबिवलीकर, तुम्ही रंगवलेलं एक्सेल मीच पाठवते असं समजा. हरकत अर्धी मान्य. चुकलेल्या पासवर्डची यादी मला नकोच, ती हेल्पडेस्कची. मी दर आठवड्याला आधी तीन गोष्टी बघते. ऑपरेशन्स हक्क (जवळपास सगळ्या फाइल उघडू देणारा) वापरून कोणी कोणती फाइल उघडली. सेटरॉप्ट्स (रॅकएफची एकूण सेटिंग्ज) कोणी बदललं. आणि एसएमएफच्या नोंदींमध्ये खंड पडला का. टाइप ८० च्या (रॅकएफच्या) नोंदी आयआरआरएडीयू०० या प्रोग्रॅमने उतरवल्या की पहिल्या दोन गोष्टी मिळतात. तिसऱ्यासाठी टाइप ७ बघायचा. बफर भरून नोंदी गळाल्या तर यंत्र स्वतः तो लिहितं. पण कोणी एसएमएफचा डम्प (साठवलेली प्रत) हाताने कापला, तर टाइप ७ पडत नाही. म्हणून मी वेळेची सलगता पडताळते. यासाठी सिसप्रोग असावं लागत नाही. मन लावून वाचावं लागतं.

एसएमएफ डेटासेटवर अपडेटचा हक्क कोणाला आहे ही यादी एकदा काढून बघा. बहुतेकदा तीच माणसं निघतात ज्यांच्या नोंदी त्यात आहेत. तो खंड त्यांच्यातल्याच कोणीतरी शोधायचा, हे मला पटत नाही. शिवाय सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. जपून ठेवायचे आणि कोणी वाचायचे नाहीत, याला काय अर्थ?

डोंबिवलीकर

रिस्टोअर दुसऱ्याने करावं, हे मान्य. खरंच मान्य. त्या रात्री खोलीत दुसऱ्या कोणाला ते जमलं नसतं, हे मी नाकारत नाही. पुढच्या तिमाहीची चाचणी आमच्या सर्वांत धाकट्या मुलीला द्यायची, मी फक्त खुर्चीत बसून बघायचं, असं आजच ठरवलंय.

टेपरूम यांचं तर कोणालाच नाकारता येणार नाही.

तपासणी विभागाबाहेर द्यायला माझा विरोध कायम आहे. तपासनीसबाईंसारखी माणसं विरळा. मला भेटलेल्या बहुतेकांना सेटरॉप्ट्सचं एक पान वाचता येत नव्हतं. त्यांच्या हाती ही सत्ता गेली की आमचे लोक घाबरून फायरकॉल वापरायचं टाळतात आणि जॉब सकाळपर्यंत पडून राहतो. मला लॉग वाचणारा माझ्याच टीममधला हवा, ज्याला यंत्र कळतं. फार तर दर सहा महिन्यांनी माणूस बदला.

स्टोरेज_बेलापूर

वाद माणसांवर चाललाय, पण बॅकअपच्या बाजूला एक तांत्रिक मुद्दा सुटतोय. बॅकअपवाल्याला ऑपरेशन्स हक्क कशाला? बहुतेक ठिकाणी तो ‘डम्प चालावा म्हणून’ दिलेला असतो, आणि ज्या डेटासेटवर त्याला मुद्दाम रोखलेलं नाही ते सगळे तो वाचू-लिहू शकतो. पगारसुद्धा. त्याऐवजी रॅकएफच्या फॅसिलिटी क्लासमध्ये, फक्त स्टोरेजच्या कामापुरते हक्क देणारी, एसटीजीअ‍ॅडमिनची प्रोफाइलं द्या. मग डीएसएस त्याच्या नावावर डम्प घेतं, रिस्टोअर करतं, पण आयएसपीएफमधून (फाइल बघण्या-बदलण्याच्या स्क्रीनवरून) तीच फाइल उघडायला गेला तर नकार मिळतो. आम्ही हे केलं तेव्हा सुरुवातीला दोन-तीन जॉब पडले, नावं जुळवली, पुढे कोणाच्या लक्षातही आलं नाही. तपासनीसबाईंची पहिली यादी यामुळे आपोआप लहान होईल.

रिस्टोअरची चाचणी घेताना रॅकएफचा डेटाबेस विसरू नका. आयआरआरयूटी२०० या प्रोग्रॅमने रोज त्याची प्रत काढा आणि ती दुसऱ्या एलपारवर (यंत्राच्या स्वतंत्र भागावर) खरोखर लावून बघा. डीआरच्या (आपत्तीत काम हलवायच्या) जागी सगळा डेटा आला आणि रॅकएफ आलं नाही, तर लॉगऑनच होता येत नाही. टेप एन्क्रिप्टेड असतील तर किल्लीचे भाग ज्यांच्याकडे आहेत ती माणसंही चाचणीत हवीत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. जनरेटरवर यंत्र चालू राहील, पण किल्लीचा एक भाग ठाण्याला आणि दुसरा वांद्र्याला अडकला तर रिस्टोअर तिथेच थांबेल. प्रत्येक भागाला पर्यायी माणूस डीआरच्या शहरातच असू द्या.

रात्रपाळी_ऐरोली

एसटीजीअ‍ॅडमिनचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायला हवा असाच आहे.

डोंबिवलीकर, तुमचा जाणकार माणूस लॉग वाचू दे, रोज वाचू दे. चारशेव्या ओळीचा धोका त्यालाच दिसेल, हे मला पटतं. पण एसएमएफची एक प्रत दर तासाला अशा जागी जाऊ दे जिथे तुमच्या विभागातल्या कोणाचाही अपडेट चालत नाही. ती तपासनीसबाईंसारख्या कोणीतरी वाचावी आणि तुमच्या माणसाने प्रत्येक फायरकॉलपुढे दोन ओळींचं कारण लिहावं. त्या कारणावर वर्षअखेरीस कोणाचं मूल्यमापन होणार नाही, असं लेखी द्या, म्हणजे कोणी पाकीट फोडायला घाबरणार नाही. वाचणारा फक्त तुमच्याच टीमचा असावा, हे मात्र मला अजूनही मान्य नाही.

टेपरूम

एक विचारायचं राहिलं. ठेकेदार बदलला की आमच्यातली निम्मी माणसं जातात. त्यांचे आयडी बंद कोण करतं? आमच्याकडे मागच्या ठेकेदाराच्या माणसांची नावं अजून यादीत दिसतात.

तपासनीस_परळ

सेटरॉप्ट्समध्ये इनअ‍ॅक्टिव्ह लावा, म्हणजे ठरलेल्या दिवसांत न वापरलेल्या आयडीने कोणी आत यायला गेलं तर रॅकएफ तो रिव्होक (बंद) करतं. पण गेलेल्या माणसाचा पासवर्ड मागे राहिलेल्याला माहीत असेल आणि तो आयडी वापरात राहिला, तर याचा उपयोग नाही. गेटवरच्या पासची यादी दर महिन्याला सुरक्षा विभागाकडून मागवा आणि आयडींच्या यादीशी नाव-नाव ताडून बघा. पास जमा झाला त्याच दिवशी आयडी रिव्होक व्हावा, आणि ते काम ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे न सोडता तुमच्या कंपनीच्या कायम कर्मचाऱ्याने करावं.