टायनी कोअरवर टेसरॅक्ट कंपाइल केलं, रीबूट केल्यावर सगळं गायब. पॅकेज कसं बनवायचं?

पेठेतला_वाचक:
नमस्कार मंडळी. आमच्या पेठेत एक छोटं वाचनालय आहे, तिथे जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन करून ठेवलेत आणि आता त्यातला मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करायचंय. मशीन कोअर टू ड्युओ, रॅम २ जीबी. नवीन घ्यायला पैसे नाहीत आणि खरं तर गरजही नाही, कारण ६४-बिट टायनी कोअर (अगदी छोटं लिनक्स) टाकल्यापासून ते मस्त पळतंय. ओसीआर करणाऱ्या टेसरॅक्टचं पाचवं व्हर्जन हवं होतं, ट्रेनिंगची टूल्स नको होती, म्हणून सोर्स उतरवून आधी लेप्टोनिका (टेसरॅक्टला लागणारी, चित्रं वाचणारी लायब्ररी), मग टेसरॅक्ट, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल असं सगळं रीतसर केलं आणि ते चाललं पण. मग गुरुवारी लाईट गेली (पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नकोच), परत चालू केलं तर टेसरॅक्टचा पत्ताच नाही. शिवाय लाईट जायच्या आधीपासून अजून एक भानगड होती, जेपीजी वाचतंय पण पीएनजी दिली की 'फंक्शन नॉट प्रेझेंट' म्हणतंय. जवळच्या एका शाळेत असंच मशीन आहे, तिथेही हे न्यायचंय, परत सगळं कंपाइल करायला लागू नये असं काही आहे का?

लूपमाउंट:
आधी गायब का झालं ते बघू. टायनी कोअरमध्ये रूट फाइलसिस्टीम पूर्ण रॅममध्ये असते, त्यामुळे मेक इन्स्टॉलने यूएसआर-लोकलमध्ये टाकलेल्या फाइली पण रॅममध्येच गेल्या. बॅकअप घेतला तरी तो डिफॉल्टने होम आणि ऑप्ट एवढाच घेतो. तिथे कायम राहतं ते टीसीझेड एक्स्टेन्शन, म्हणजे स्क्वॉशएफएसची (दाबून छोट्या केलेल्या फाइलसिस्टीमची) एक फाइल, जी बूटच्या वेळी लूप माउंट होते आणि तिच्यातल्या फाइलींच्या सिमलिंक जागच्या जागी लागतात.

म्हणून मेक इन्स्टॉल थेट करूच नका. त्या कमांडला डेस्टडिर म्हणून एक रिकामं फोल्डर द्या, म्हणजे सगळा पसारा त्या फोल्डरात, पण यूएसआर-लोकलच्याच रचनेत जाऊन बसतो. प्रीफिक्स (प्रोग्रॅम शेवटी जिथे बसणार ती जागा) मात्र यूएसआर-लोकलच राहू द्या, प्रीफिक्स आणि डेस्टडिर वेगळे आहेत, प्रीफिक्स बदललात तर प्रोग्रॅम पुढे चुकीच्या जागी आपल्या फाइली शोधत बसतो. मग बायनरी आणि लायब्ररींवर स्ट्रिप (डीबगिंगची माहिती काढून टाकणारी कमांड) चालवा, साइज चांगलीच उतरते. हेडर, पीसी फाइली, स्टॅटिक लायब्ररी हे सगळं उचलून वेगळ्या डेव्ह एक्स्टेन्शनमध्ये टाका, ते फक्त कंपाइल करताना लागतं, रोज कशाला रॅम खायला ठेवायचं. उरलेल्या फोल्डरवर मेक-स्क्वॉशएफएस चालवलं की टीसीझेड तयार. ती फाइल टीसीईच्या ऑप्शनल फोल्डरात, शेजारी डेप फाइल, तिच्यात एका ओळीत एक अशी लागणाऱ्या एक्स्टेन्शनची नावं, आणि टेसरॅक्टचं नाव ऑनबूटच्या यादीत. लेप्टोनिकाचं टीसीझेड वेगळं करा आणि त्याचं नाव टेसरॅक्टच्या डेपमध्ये लिहा.

अजून एक, सोर्स होममध्ये उघडू नका. तेही रॅममध्येच असतं, आणि वर बॅकअपमध्ये तो सगळा सोर्स भरला जातो आणि मशीन बंद व्हायला वेळ लागतो. हार्डडिस्कच्या पार्टिशनवर फोल्डर करा आणि तिथेच कंपाइल करा, मग लाईट गेली तरी झालेलं काम डिस्कवर राहतं. २ जीबीत सी प्लस प्लसचं कंपाइल एका वेळी दोनपेक्षा जास्त जॉब लावून करू नका.

अडाणी_मेक:
पीएनजीचं कारण लेप्टोनिकात आहे, टेसरॅक्टमध्ये नाही. लेप्टोनिका कॉन्फिगर होताना पीएनजी, जेपीजी, टिफच्या लायब्ररींची डेव्ह एक्स्टेन्शन शोधते आणि एखादी सापडली नाही तर थांबत नाही, त्या फॉरमॅटच्या जागी रिकामं फंक्शन टाकून पुढे जाते. मेक बिनबोभाट पूर्ण होतं आणि रडारड एकदम चालवताना. तुमच्याकडे जेपीजीचं डेव्ह लोड होतं, पीएनजीचं नव्हतं. ते लोड करून लेप्टोनिकाचं जुनं बिल्ड फोल्डर उडवून पहिल्यापासून करा, आणि कॉन्फिगरचं आउटपुट शेवटपर्यंत वाचा, मेकच्या आउटपुटपेक्षा ते जास्त महत्त्वाचं असतं. आणि टिफपण आत्ताच घ्या, जुने स्कॅन बरेचदा टिफमध्ये असतात.

सिंहगडरोड_अँटीएक्स:
एवढं कशाला करताय? अँटीएक्स टाका, डेबियनच आहे आत, सिस्टमडी नाही, २ जीबीत आरामात चालतं, आणि डेबियन १२ मध्ये टेसरॅक्ट ५ आणि मराठीचा डेटा दोन्ही ॲप्टने मिळतात. सोर्समधलंच काही हवं असेल तर चेकइन्स्टॉलने डेब बनवा, काढून टाकणंही सोपं जातं.

लूपमाउंट:
ॲप्टने मिळतंय तर तेच घ्यावं हे मलाही पटतं. पण त्यांच्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही आणि यूपीएस नाही. टायनी कोअरमध्ये सिस्टीमच्या फाइलींवर चालता चालता काहीच लिहिलं जात नाही, त्यामुळे कितीही वेळा असं बंद पडलं तरी पुढचं बूट स्वच्छ होतं. वाचनालयात जिथे रोज वेगळा माणूस मशीन बंद-चालू करणार तिथे मी हेच ठेवीन.

पेठेतला_वाचक:
पीएनजी चालायला लागलं! दोन्ही टीसीझेड बनवली, प्लग काढून परत लावला, टेसरॅक्ट जागेवर आहे. फार फार आभार. आता मराठीचा डेटा कुठला घेऊ, फास्ट की बेस्ट? आणि शाळेतल्या मशीनवर नुसत्या फाइली कॉपी केल्या तर चालेल ना?

अडाणी_मेक:
कोअर टू ड्युओवर फास्टच. बेस्ट खूप हळू चालतं आणि मासिकाची शेकडो पानं असतील तर तुमचा जीव जाईल. हिंदीचा डेटा लावू नका, मराठीचाच लावा, ळ आणि ऱ्य वाली अक्षरं तिथेच नीट येण्याची शक्यता. जाहिरातींत इंग्रजी असेल तर मराठी अधिक इंग्रजी अशी जोडी द्या. डेटाचं टीसीझेड वेगळं करा, म्हणजे उद्या डेटा बदलला तर प्रोग्रॅमला हात लावायला नको. दोन पानं एकदम चालवणार असाल तर ओएमपी थ्रेड लिमिट (एका प्रोसेसने किती थ्रेड वापरायचे ते) १ करा, नाहीतर दोन्ही प्रोसेस एकमेकींचे कोअर ओढत बसतात.

कॉपी चालेल, पण शाळेतपण टायनी कोअरचं तेच मुख्य व्हर्जन आणि तेच ६४-बिट हवं, नाहीतर लायब्ररी जुळत नाहीत. डेप फाइलीत लिहिलेली सगळी एक्स्टेन्शन पण न्या, शाळेत नेट नसेल तर पीएनजीची लायब्ररी कुठून आणणार. आणि पुढे कधी घरच्या नव्या लॅपटॉपवर कंपाइल केलंत तर मार्च नेटिव्ह (कंपाइल करणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा पर्याय) अजिबात देऊ नका, लॅपटॉपला एव्हीएक्स (प्रोसेसरच्या जास्तीच्या सूचना) असतं, कोअर टू ड्युओला नाही, तिथे थेट 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येऊन बंद पडेल. एमट्यून जेनेरिक द्या. टेसरॅक्ट एव्हीएक्स आहे का ते चालताना स्वतःच बघून घेतं, त्यामुळे वेगात फार काही जात नाही.

रॅम वाढवायची असेल तर तपकीर गल्लीत डीडीआर २ च्या जुन्या स्टिक विचारून बघा, फक्त मदरबोर्ड ४ जीबी घेतो का ते आधी तपासा.