इल्का रिगाटात नकली शीड चालवून घ्यावं का?

दर्यावर्दी_कुलाबा:
गेटवेसमोरच्या एका इल्का रिगाटात, म्हणजे शर्यतींत (इल्का म्हणजे आपली जुनी लेझर, एकट्याने चालवायची शिडाची बोट; २०१९ ला नाव बदललं) एका पोराला नोंदणीच्या टेबलावरूनच परत पाठवलं. क्लास असोसिएशनची, म्हणजे या बोटींच्या संघटनेची, चालू मेंबरशिप नाही आणि शीड परवाना नसलेल्या कारखान्याचं. माझ्या मते बरोबर केलं. ४.२३ मीटरचा हल (बोटीचं धड), इल्का ७ ला ७.०६ चौरस मीटरचं शीड, सगळ्यांना तेच. मग जिंकतो तो वारा ओळखणारा. एकाला सूट दिली की उद्या दुसरा मास्टमध्ये (डोलकाठीत) काहीबाही घालून येईल.

भाऊचा_धक्का:
बोलायला काय जातंय! अस्सल शिडाची किंमत बघा, वर जहाजभाडं, कस्टम ड्युटी. नकली कितीतरी स्वस्त, आकार तोच. आणि ज्याच्या बापाकडे पैसा आहे तो दर मोठ्या रिगाटाला करकरीत नवं शीड लावतो, ते मात्र नियमात! ताणून लोंबलेलं जुनं आणि हे नवं, दोघं म्हणे एकसारखे.

दर्यावर्दी_कुलाबा:
एका रिगाटात एकच शीड, हा नियम आहेच. नवं कधी घ्यायचं ते ज्याचं त्याने बघावं.

ऑप्टिमिस्टची_आई:
आमच्या मुलीची ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी शिडाची बोट) मोजायला नेली होती. हल ३५ किलोच्या खाली भरला तर आत वजनाचे तुकडे बसवावे लागतात. मेझररने, म्हणजे मोजणाऱ्याने, डॅगरबोर्डसुद्धा (बोटीखाली पाण्यात सोडायची फळी) साच्यात घालून पाहिला. उन्हात रांगेत जीव गेला, पण नंतर ‘त्याची बोट हलकी आहे’ हे रडगाणं कोणी गायलं नाही.

भाऊचा_धक्का:
ताई, मोजायला माझी ना नाहीच. नकली शीडही मोजा, बसलं तर बसलं! इथे मोजतंय कोण? नुसतं शिडाच्या कोपऱ्यातलं अस्सलपणाचं बटण बघतात.

दर्यावर्दी_कुलाबा:
कापड कसलं, शिवण कशी, हे टेबलावर टेप लावून कळत नाही हो. म्हणून तर लगाम कारखान्यालाच.

रेस_कमिटीवाला:
दोन वेगळ्या गोष्टी कालवताय. मेंबरशिप फोनवरून भरता येते, तेवढ्यासाठी पोराला घालवणं म्हणजे शुद्ध आळस. बोटीचं प्रमाणपत्र हाताशी नसलं तरी शर्यतींच्या रूलबुकातल्या नियम ७८.२ प्रमाणे ‘आहे’ असं सही करून देऊन रेस करता येते. रिगाटाचा शेवटचा दिवस सुरू होण्याआधी ते दाखवलं नाही तर सुनावणीशिवाय सगळ्या रेसमधून बाद. इतकी ढील खुद्द रूलबुकात आहे. शिडाला मात्र ढील नको. क्लबने दोन-चार अस्सल शिडं भाड्याला ठेवावीत. आपला शिडबोटपटू विष्णू सरवणन टोकियो ऑलिंपिकला काय स्वतःची बोट घेऊन गेला होता? ऑलिंपिकला इल्का आयोजकच देतात.

भाऊचा_धक्का:
हे पटलं. भाडं तेवढं बेताचं ठेवा.

दर्यावर्दी_कुलाबा:
आणि फाटलं तर? डिपॉझिट घ्यावंच लागेल.

भाऊचा_धक्का:
झालं! आली गाडी परत पैशावर.