मदत हवी आहे: कॅम्परच्या जॅकला कायमचे पॅड बसवायचेत

नमस्कार मंडळी. सोलापूरला राहतो. मिनीबसवर बांधून घेतलेली कॅम्पर (आत राहायची सोय असलेली गाडी) आहे, भरलेलं वजन साधारण ४ टन. सपाट उभी करायला चार हायड्रॉलिक जॅक, काम झालं की स्प्रिंगने दुमडून चॅसीखाली आडवे होणारे. जॅकचा तळवा गोल, १५ सेंमीचा.

गेल्या पावसाळ्यात हिप्परग्याच्या तलावाकडे मुक्काम केला. रात्री लेव्हलचा बुडबुडा अगदी मधोमध. पहाटे आईने चहा टाकला तर पातेल्यातलं पाणी एका काठाला चढलेलं. बाहेर येऊन बघतो, मागचा डावा जॅक काळ्या मातीत वीतभर आत. वर घेतला तर तळव्याला मातीचा हा एवढा गोळा; खुरप्याने खरवडल्याशिवाय जॅक दुमडेना.

तेव्हापासून फळ्या घालतो. पण दर वेळी चारदा गुडघ्यावर बसायचं, आणि निघताना एखादी फळी मागे राहायची हे ठरलेलं. (एक तुळजापुरात राहिली. देवीला पावली म्हणायचं.) मे महिन्यात तर डांबरातही खळगे पडतात.

एमआयडीसीतला वेल्डर म्हणतो, "मालक, ३० सेंमीची लोखंडी शीट वेल्ड मारून टाकू, विषय संपला." मला धीर होत नाही. दुसरा विचार असा, की साखर कारखान्याच्या जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा तळव्याला बोल्टने बसवावा. कुणी केलंय का?

प्रतिसाद १
तळवा गाडीवर असताना वेल्डिंग अजिबात नको. उष्णता जॅकच्या रॉडमधून तेल अडवणाऱ्या सीलपर्यंत गेली तर तेल गळायला लागेल, आणि ठिणगी रॉडच्या क्रोमवर बसली तर तो खरखरीतपणा दर खेपेला सील खाणार. तळवा सुटा होत असेल तर काढून भोकं पाडून घ्या.

आणि नुसत्या बेल्टने रुतणं थांबायचं नाही. एका जॅकवर १ टन धरा. १५ सेंमीच्या तळव्याखाली चौरस सेंमीला साडेपाच किलोच्या वर भार येतो, ३० बाय ३० वर जेमतेम १.१ किलो. पण रबर कडेला वाकतं, भार मधल्या मधेच राहतो. तो पसरायला वरून ताठ शीट लागते. ८ मिमीची ३० बाय ३० शीट साडेपाच किलोच्या पुढे जाते. एवढं ओझं तुमची स्प्रिंग ओढेल का, ते बघा.

प्रतिसाद २
त्याआधी जॅक दुमडून जागा मोजा. पॅड कशाला घासला तर रस्त्यात सगळंच तुटेल. आणि समतोलाच्या नादात मागची दोन्ही चाकं उचलू नका हो, हँडब्रेक तिथेच लागतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. दुपारी गाडीखाली आडवा होऊन मोजलं, पुठ्ठ्याचे गोल कापून लावून पाहिले. सायलेन्सर आड येतो, २२ सेंमीच्या वरचा गोल बसत नाही. तेवढ्यावर भार चौरस सेंमीला अडीच किलोच्या किंचित वर, म्हणजे आताच्या निम्म्याहून कमी. ८ मिमीची गोल शीटही अडीच किलोच्या आतच होते. तेव्हा शीट आणि बेल्ट मिळून २२ चा पॅड कायमचा, डांबर आणि पेव्हर ब्लॉकसाठी. ओल्या रानात फळ्या घालणं आलंच. त्यांना दोरी बांधून दुसरं टोक ड्रायव्हरच्या दाराला अडकवणार आहे.

एकच राहिलं: बोल्टची डोकी खालून रबरात बुडवून घ्यायची ना? नाहीतर पेव्हरवर आधी तीच टेकतील.