नर्स म्हणून स्टेटच्या क्लायमेट बिलावर बोलायला जावं का? (वॉशिंग्टन स्टेट)

सरिता_ईआर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतेय, लांबलाय थोडा, सांभाळून घ्या.

मी सिएटलजवळ इमर्जन्सीत नर्स आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडच्या एक डॉक्टर मॅडम विधिमंडळाचं सेशन सुरू झालं की ऑलिंपियाला (आमच्या स्टेटची राजधानी) क्लायमेटच्या बिलांसाठी, म्हणजे विधेयकांसाठी, बोलायला जातात. यावेळी त्यांनी मला विचारलं, उन्हाळ्यात घरं थंड ठेवायला मदत मिळावी असं एक बिल कमिटीपुढे येतंय, तू बोलशील का, दोनच मिनिटं असतात. मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून झोप उडालीय.

बोलावंसं वाटतं ते 2021 च्या हीट डोममुळे (गरम हवा झाकणासारखी एका भागावर अडकून बसते, ती उष्णतेची लाट). जूनच्या शेवटी सिएटलला 108 फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे 42 डिग्री. नागपूर-चंद्रपूरकरांना वाटेल त्यात काय एवढं, पण इथली घरं थंडी अडवायला बांधलेली, कितीतरी घरांत एसी नाही, आणि त्या दिवसांत रात्रीही गारवा येत नव्हता. पेशंट यायचे ते अंगाला हात लावला तर चटका बसावा असे, असंबद्ध बोलणारे, काही तर शुद्धीवरच नाहीत. एवढ्या सगळ्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवायला टब कुठून आणणार, मग आम्ही बॉडी बॅग काढल्या. हो, मृतदेह ठेवायच्या त्याच. पेशंटला आत झोपवायचं, बर्फ आणि पाणी ओतायचं, चेन छातीपर्यंत ओढायची, तोंड उघडं ठेवायचं. एका आजींचा हात धरून मी उभी होते, माझी बोटं बधिर झाली होती तरी हात सोडवेना, कारण डोळे उघडल्यावर आपण कशात झोपलोय हे त्यांना दिसणार होतं. त्या वाचल्या. आणि परत त्याच घरी गेल्या, बिनएसीच्या, वरच्या मजल्यावर.

तर आता अडचणी. बरोबरचा एक नर्स म्हणतो की हे राजकारण आहे, आपण त्यात पडू नये. नवरा म्हणतो ग्रीन कार्ड अजून हातात नाही, कशाला नाव रेकॉर्डवर आणतेस. आणि मला स्वतःला भीती ही की कार्बन वगैरेचं सायन्स मला येत नाही, कोणी उलटा प्रश्न विचारला तर?

---

डॉ_स्पोकेन

सरिताताई, आधी शेवटच्या भीतीचं बोलू. कार्बनचं सायन्स सांगायला तिथे दुसरे लोक असतात, तुम्हाला कोणी ते विचारणार नाही, आणि विचारलंच तर "मी नर्स आहे, मला जे बेडसाइडला दिसलं ते मी सांगतेय" एवढं उत्तर पुरतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हीच चूक केली होती, जगाचं तापमान किती वाढलं तिथपासून सुरुवात केली आणि मुद्द्यावर यायच्या आत वेळ संपला. समोरचे आमदार कागद चाळत होते. दुसऱ्या वर्षी एकाच पेशंटची गोष्ट सांगितली, वणव्यांच्या धुराच्या आठवड्यात तिसऱ्यांदा आलेला दम्याचा मुलगा, तेव्हा सगळे वर बघून ऐकत होते.

प्रोसेस सोपी आहे. लेजिस्लेचरच्या वेबसाइटवर बिल नंबर टाकून साइन इन करायचं, प्रो, कॉन की अदर ते निवडायचं, झूमवरूनही बोलता येतं, ऑलिंपियाला जायलाच पाहिजे असं नाही. साइन इन हिअरिंगच्या एक तास आधी बंद होतं, तेवढं लक्षात ठेवा. बोलणं जमलं नाही तर हिअरिंग सुरू झाल्यापासून 24 तासांत लेखी पाठवता येतं.

आणि याने काही होतं का, तर होतं. 2023 मध्ये आपल्याकडे कायदा झाला की वेदर सर्व्हिसचा हीट अलर्ट असेल त्या दिवशी घरातली वीज आणि पाणी बिल थकलं म्हणून तोडायचं नाही. माझ्या दृष्टीने हे एका औषधाइतकंच मोलाचं आहे, हार्ट फेल्युअरच्या पेशंटला मी गोळ्या लिहून देणार आणि तिकडे त्याच्या पंख्याची वीज कापणार, मग त्या गोळ्या काय करणार.

---

याकिमा_क्लिनिक

वर डॉक्टरांनी लिहिलंय त्यात भर. मी व्हॅलीत क्लिनिकमध्ये असते, आमचे निम्मे पेशंट चेरी, सफरचंद, हॉप्स तोडणारे. पूर्वी पेशंटला "सावलीत बसा, पाणी प्या" सांगताना माझं मलाच वाईट वाटायचं, कारण सावली कुठाय आणि बसू कोण देणार, पीसरेटवर काम असतं, जितकी तोडाल तितके पैसे. 2023 पासून बाहेर काम करणाऱ्यांसाठी उन्हाचे पक्के नियम आले, 80 फॅरनहाइटला सावली आणि थंड पाणी द्यायचंच, 90 ला दर दोन तासांनी दहा मिनिटं सुट्टी, 100 ला दर तासाला पंधरा मिनिटं. आणि ती सुट्टी पगारी, हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द, त्याशिवाय कोणी थांबतच नाही. आता मी पेशंटला सांगते की हा तुमचा हक्क आहे, मुकादमाला सांगा. एका कायद्याने माझ्या सल्ल्याला अर्थ आला, म्हणून ताई तुम्ही जाच.

---

रानवारा

मी थोडं वेगळं बोलतो, रागावू नका. मी पण डॉक्टर आहे, इथल्याच ग्रामीण भागात. माझे बरेच पेशंट क्लायमेट हा शब्द ऐकला तरी मान फिरवतात. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे तो मी कुठल्या पक्षाचा दिसत नाही म्हणून. नर्सेस गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत सचोटीसाठी वर्षानुवर्षं पहिल्या येतात (1999 पासून फक्त 2001 मध्ये फायरफायटर्स पुढे होते), तो विश्वास एकदा गेला की लस घ्या म्हटलं तरी लोक ऐकणार नाहीत. शिवाय आधी आपलं घर बघावं, अमेरिकेच्या एकूण ग्रीनहाऊस गॅस एमिशनमधला साधारण 8.5 टक्के वाटा हेल्थकेअरचाच आहे.

---

भूलतज्ज्ञ_एमएन

रानवारा, घर बघण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि त्याचं उदाहरण माझ्याच टेबलवर आहे. डेस्फ्लुरेन नावाचा भुलीचा गॅस, वातावरणात गेला की कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट उष्णता धरतो. आमच्या डिपार्टमेंटने तो बंद करायचा ठरवला, सेव्होफ्लुरेनवर काम उत्तम चालतं, पेशंटच्या भुलीत काही कमी पडलं नाही. पण बघा, मी बंद केला म्हणून पलीकडच्या हॉस्पिटलने केला का? युरोपियन युनियनने 2026 पासून नियमानेच त्याच्यावर बंदी आणली, अगदी वैद्यकीय गरज असेल तेवढाच अपवाद. म्हणजे घर बघतानाही शेवटी नियमापाशीच येतो आपण.

आणि विश्वासाचं म्हणाल तर तो वापरायचा नाही तर ठेवायचा कशासाठी? सीटबेल्ट, सिगरेट, पेट्रोलमधलं शिसं, या सगळ्यांत डॉक्टर बोललेच की, तेव्हाही समोरचे चिडले होते. फक्त पक्षाचं नाव घ्यायचं नाही, बिलाचं घ्यायचं.

---

डॉ_स्पोकेन

+1. आणि रानवारा, तुमचे पेशंट मान फिरवतात ते शब्दाला, धुराला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सिएटलची हवा जगातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात खराब होती, तेव्हा कुठल्या पक्षाचा माणूस खोकला नाही? 2024 ला क्लायमेट कमिटमेंट ॲक्ट रद्द करायचं इनिशिएटिव्ह (मतदारांच्या सह्यांनी मतदानाला आणलेला प्रस्ताव) आलं होतं, 2117 नंबरचं. हा तोच 2021 चा कायदा, ज्यात मोठ्या प्रदूषण करणाऱ्यांना परवाने विकत घ्यावे लागतात आणि तो पैसा बस, हीट पंप, हवा मोजायची यंत्रं यांना जातो. आम्ही काही जणांनी तेव्हा फक्त हवा आणि दमा एवढंच बोलायचं ठरवलं होतं. जवळजवळ 62 टक्के लोकांनी रद्द करायला नाही म्हटलं. ते आमच्यामुळे झालं असं मी अजिबात म्हणत नाही, पण दम्याची गोष्ट ऐकून घ्यायला कोणी नकार दिला नाही हे मी स्वतः बघितलंय.

---

विसा_वाला_दादा

नवऱ्याची काळजी चुकीची नाही, पण भाग वेगवेगळे करा. कमिटीपुढे बोलायला नागरिक किंवा मतदार असावं लागत नाही. इनिशिएटिव्हच्या अर्जावर सही मात्र नोंदणी झालेल्या मतदारांनीच करायची असते, ती करू नका. ग्रीन कार्ड नसताना निवडणुकीच्या प्रचाराला पैसे देणं फेडरल कायद्याने बंद आहे, तेही नाही. आणि हॉस्पिटल सरकारी असेल तर ड्युटीच्या वेळात किंवा तिथल्या ईमेलवरून यातलं काहीच नको. बाकी मनात किंतु राहिला तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा, नवऱ्याला पण शांत झोप लागेल.

---

सरिता_ईआर

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवारा तुमचेही, तुमच्यामुळे मी पहिला ड्राफ्ट फाडला, त्यात सरकारवर बरंच तोंडसुख घेतलं होतं. वकिलांशी बोलले, नवराही तयार झाला. आता असं लिहिलंय, बघा बरं:

"मी इमर्जन्सी नर्स आहे. मी इथे माझ्या स्वतःच्या वतीने बोलतेय. 28 जून 2021 ला मी सत्तरीतल्या एका बाईंना बर्फाने भरलेल्या बॉडी बॅगमध्ये ठेवलं, त्या जिवंत राहाव्यात म्हणून. आम्ही त्यांना वाचवलं आणि ज्या खोलीने त्यांना आजारी केलं तिथेच परत पाठवलं, कारण डिस्चार्जच्या कागदावर थंड खोली लिहून देता येत नाही. हे बिल ती देऊ शकतं."

पुढे बिलातल्या दोन कलमांबद्दल आहे. मोठ्याने वाचलं, एक मिनिट पन्नास सेकंद. काही बदलू का?

---

डॉ_स्पोकेन

एकच. तारीख काढा. पेशंट ॲडमिट झाल्याची नेमकी तारीख हिपामध्ये (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा फेडरल कायदा) ओळख पटवणारी माहिती धरतात, वर्ष चालतं. "2021 च्या हीट डोममध्ये" म्हणा, सगळ्यांना कळतं. बाकी एका शब्दालाही हात लावू नका, आणि बॉडी बॅग म्हटल्यावर क्षणभर थांबा, दहा सेकंद हातात आहेत तुमच्या.