हायवे मॅनेजरची ऑफर आलीय, पखवाज गावातच ठेवून जायला लागणार का?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, वय 31. बेळगावातून सिव्हिल केलं आणि आठ वर्षं हायवेवरच आहे, आधी क्वालिटी लॅबमध्ये होतो, एफडीडी (भरावाची माती किती घट्ट दाबलीय त्याची चाचणी) घेत भरावावरनं फिरायचो, मग साइट इंजिनीयर, आता सीनियर. परवा दुसऱ्या कंपनीकडनं हायवे मॅनेजरची ऑफर आली. 28 किमीचा पट्टा, मातीकाम, जीएसबी नि डब्ल्यूएमएम (डांबराखालचे खडीचे थर), डांबर सगळं माझ्या अंगावर. साइट विदर्भात. पगार बराच वाढतोय.

अडचण अशी की मी गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. आजोबांचा शिसवी पखवाज आहे. कोजागिरीपासनं कार्तिक पौर्णिमेपर्यंत काकडा असतो, पहाटे चारला उठून वाजवायलोय लहानपणापासनं. आत्ता साइट धारवाडजवळ म्हणून शनिवारी रात्री घरी येतो आणि सोमवारी पहाटे बाईकनं परत. तिकडं गेलो की हे सगळं सुटणार. बाबा म्हणतात जा, भाताचं मी बघतो. आई काय बोलत नाही. जे मॅनेजर झालेत त्यांनी खरं सांगा, कामाशिवाय स्वतःचं असं काय उरतं का? आणि जायच्या आधी काय शिकून घेऊ?

तवंदीघाट
बाळा, मी निपाणीचा, 33 वर्षं रस्त्यावर काढली, आता रिटायर. बेळगाव ते महाराष्ट्र बॉर्डर 77 किमीचा चौपदरी झाला तेव्हा मी त्यावर होतो, तेव्हा एनएच 4 म्हणायचे, आता 48.

आधी शिकायचं सांगतो. साइट इंजिनीयरला थर कळला की पुरतं, मॅनेजरला माणूस कळायला लागतो. संकेश्वर बाजूला एकदा एक शेतकरी पोकलेनसमोर येऊन उभा राहिला, दोन दिवस काम बंद. आमचे साहेब बाहेरचे, त्यांना वाटलं पैसे मागायलाय. मी बांधावर बसलो, कन्नडात बोललो, चहा झाला, तेव्हा कळलं की आमच्या भरावाखाली त्याची पाइपलाइन तुटलेली आणि ऊस सहा दिवस पाण्याविना वाळायलाय. त्याच दिवशी आडवा ह्यूम पाइप (सिमेंटचा मोठा पाइप) टाकला, त्यातनं त्याची लाइन ओवून दिली आणि तिसऱ्या प्रहरी काम सुरू. तू बॉर्डरचा पोरगा आहेस, मराठी कन्नड हिंदी तिन्ही येतात, ही तुझी केवढी मोठी जमेची बाजू आहे ते विदर्भात तेलंगणाकडचा ऑपरेटर आणि बिहारचा फोरमन एका जागी आले की कळेल.

दुसरं म्हणजे नाही म्हणायला शीक. व्हीजी 30 ग्रेडच्या डांबराचा माल पेव्हरपर्यंत (डांबर पसरायच्या मशिनपर्यंत) 140 डिग्रीच्या खाली यायला नको, हे तुला पाठ असेल. माझ्याकडं एकदा टिपर पंक्चर होऊन उशिरा आला, थर्मामीटर 118 दाखवायला. वरनं फोन आला, टाकून घे. मी टाकलं. दोन पावसाळ्यांत तेवढ्याच पन्नास साठ मीटरची खडी सुटली. त्या रस्त्यानं गेलो की अजून तिथं नजर जाते. टिपर परत पाठवायची सही मॅनेजरची असते, ती करायला घाबरू नको.

आणि स्वतःचं काय उरतं विचारलास. मी प्रत्येक साइटची माती बाटलीत भरून ठेवली. खानापूरची तांबडी जांभ्याची, अथणीची काळी कापसाची, कोकणातली, मराठवाड्यातली, 41 बाटल्या आहेत, प्रत्येकीवर चेनेज (रस्त्यावरचा किलोमीटरचा आकडा) आणि वर्ष. काळ्या मातीच्या बाटलीत पाणी घालून शाळेतल्या पोरांना दाखवतो, फुगून कशी वर येते, रस्ता का फुटतो ते डोळ्यांनी दिसतं. तेवढं माझं स्वतःचं, कुठल्या बिलात नाही.

गणेशपूरची वहिनी
माझे मिस्टर याच लाइनीत, 14 वर्षं झाली. पाच गावं बदलली, मग पोरीची शाळा सुरू झाली तशी मी बेळगावात राहिले. भाऊ, एक गोष्ट कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. कोजागिरी ते कार्तिक पौर्णिमा म्हणजे पाऊस संपून हॉटमिक्स प्लांट (डांबर खडी गरम करून मिसळायचा) पेटवायचे दिवस. सगळं वर्षाचं टार्गेट तिथून सुरू होतं, तेव्हा मॅनेजरला सुट्टी मिळतच नाही, आमची दिवाळीसुद्धा दोन दोन दिवसांत उरकलीय. आषाढ श्रावणात मात्र डांबर बंद असतं, तेव्हा दहा पंधरा दिवस सुटता येतं. म्हणून काकड्याची आशा धरून सही करू नका, मनाला फार लागतं. श्रावणातल्या सप्त्याला येईन असं धरा आणि ते ऑफर लेटर यायच्या आधी बोलून घ्या. किती दिवसांनी किती रजा, फॅमिली क्वार्टर आहे का, विमा आहे का, सगळं मेलवर लिहून मागा. तोंडी कबूल केलेलं नंतर कुणाला आठवत नाही, आम्ही ते सोसलंय. आणि आई बोलत नाही म्हणता, जायच्या आधी एक दिवस नुसतं तिच्यापाशी बसा.

लेव्हलवाला
मी सर्व्हेअर, चंदगड बाजूचा, पण शिक्षण सगळं बेळगावात. दादा पखवाज घेऊन जा, ठेवून जाऊ नकोस. मी संबळ नेलंय दोन साइटवर. कॅम्पमध्ये संध्याकाळी साडेसातनंतर पोरं मोबाइलच बघत बसतात, कुणीतरी काहीतरी वाजवायला लागलं की आपोआप येऊन बसतात, आमच्याकडं बिहारची पोरं ढोलक घेऊन यायची आणि एक ग्रेडर ऑपरेटर असा गायचा की काय सांगू. धुम्याला (पखवाजाच्या डाव्या तोंडाला) लावायची कणीक मेसमध्ये मिळते, आचाऱ्याशी दोस्ती कर. फक्त कंटेनर केबिनमध्ये ठेवू नकोस, दुपारी आतमध्ये भट्टी होते, विदर्भाच्या उन्हात वादी (चामड्याची दोरी) आणि पुडी (तोंडावरचं कातडं) दोन्ही जातील. लॅबच्या क्युरिंग टँकच्या खोलीत गार असतं पण तिथं दमट, तेही नको. पक्क्या बांधकामाची स्टोअर रूम बघ.

बाकी बिलिंग आणि काँट्रॅक्टची कलमं वाचून जा. जागा ताब्यात मिळाली नाही तर त्याच दिवशी पत्र जायला पाहिजे, नंतर मुदतवाढ मागताना तेच कागद उपयोगी पडतात.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी, कार्तिकाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, इतकी वर्षं हायवेवर असून. काल फोन केला, 60 दिवसांनी आठ दिवस म्हणाले, मेल मागितलाय. श्रावणातलं पण त्यात घाला म्हटलं. काकड्याला चुलत भाऊ वाजवेल, त्याला बोल पाठ आहेत पण हात अजून बसायचाय, रोज रात्री घेऊन बसायलोय त्याला. तो मंडळाच्या पखवाजावर वाजवेल, आजोबांचा माझ्याबरोबर येतोय. आईला सांगितलं तर उठून जुनी गोधडी काढून दिली, गुंडाळायला.

तवंदी काका, जायच्या आधी आमच्या शेतातली माती एका बाटलीत भरून न्यावी म्हणतोय. कुठली घेऊ?

तवंदीघाट
वरची 15 सेंटीमीटर बाजूला काढ, त्यात मुळं नि पालापाचोळा असतो, कुजतं. खालची घे, दोन दिवस सावलीत वाळव आणि मगच झाकण लाव. बाटलीवर चेनेजच्या जागी गावाचं नाव लिही.